पांदणीतल्या जीपसाठी पुढचा ॲक्सल कसा निवडाचा

पुढचा ॲक्सल (दोन्ही पुढच्या चाकांना जोडून त्यांना फिरवणारा आडवा भाग) बदलाचा विषय निघाला की सगळे पहिले नाव विचारते, कोणता टाकू, डाना 44 (डाना कंपनीचा जड ॲक्सल) टाकू का, जिप्सीचा चालते का, आर्मी लिलावातला मिळून राहिला तं घेऊन ठेवू का. पण नाव सगळ्यात शेवटी येते भाऊ. त्याच्या आधी तुमचा टायर केवढा, गाडी चालणार कुठं अन मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका वेढ्यात इंजिनकडून जोर आणणारा प्रॉपेलर शाफ्ट किती वेढे घेते तो आकडा) किती हे ठरलं पाहिजे, मग ॲक्सल बराचसा आपोआप ठरते. उलटं केलं, म्हणजे ॲक्सल आधी घेतला अन गाडी त्याच्यामागं बदलत गेले, तं स्टिअरिंग, ब्रेक, पाटे (लीफ स्प्रिंग), प्रॉपेलर शाफ्ट सगळं बदलत बसा लागते आणि गाडी वर्षभर गॅरेजच्या आवारात विटांवर उभी राहते.

खाली मी जे सांगून राहिलो ते मुख्य करून जुन्या महिंद्रा जीपा (सीजे, 540, 550), जिप्सी आणि पाट्यावरची जुनी थार डीआय यांच्यासाठी आहे, काहून की आपल्या भागात बदल करायला याच गाड्या घेतल्या जातात.

आधी काम ठरवा

विदर्भात ऑफरोड म्हणजे एकच गोष्ट नाही. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची काळी माती पावसाळ्यात टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन जाते, चाक जागेवर फिरत राहते. लोकांना वाटते इथं ॲक्सलवर लई ताण येते. खरं म्हणजे इथं ताण कमी येते, पकडच नाही तं ताण येणार कुठून. काळ्या मातीत शाफ्ट (ॲक्सलच्या आतली, चाक फिरवणारी दांडी) क्वचित तुटते, पण सील, बेअरिंग आणि किंगपिन (ज्यावर चाक वळते ती खीळ) मरते, कारण चिखल नकलच्या (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) मागं भरून वाळते, दगडासारखा कडक होते आणि प्रत्येक वळणावर सीलचं रबर घासत राहते.

मेळघाटचं एकदम वेगळं. गाविलगडच्या डोंगरात काळा बसाल्ट दगड, नाल्यात सुटे गोटे, चाक दोन दगडांत अडकते, माणूस ॲक्सिलरेटर दाबते, चाक झटक्यात सुटते आणि तो झटका सरळ शाफ्टवर अन जॉइंटवर (चाक वळताना शाफ्टला वाकू देणारा सांधा) येते. तुटते ते इथं. वरून चिखलदऱ्याची उतरण आहेच, तिथं ब्रेकची परीक्षा होते.

गडचिरोलीकडं, भामरागड-एटापल्लीच्या बाजूनं रेती आणि पाणी. तिथं ॲक्सल किती जाड याच्यापेक्षा त्याच्यात पाणी शिरते का, ब्रीदर (आतली हवा आतबाहेर जाऊ देणारी नळी) कुठं आहे, हब (चाक ज्याला बोल्टनं बसते तो भाग) उघडून परत बांधणं किती सोपं आहे हे महत्त्वाचं. (आणि व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा राखीव जंगलाच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालाची नाही, ते जनावरांचं घर आहे, आपलं मैदान नाही.)

तुमचं नव्वद टक्के काम शेताची पांदण, संत्र्याच्या बगीच्यापर्यंत खत अन फवारणीचा पंप नेणं, आणि वर्षातून एकदोनदा डोंगर असं असेल, तं माझं स्पष्ट मत आहे की तुमचा आहे तोच पुढचा ॲक्सल पूर्ण खोलून नवीन बेअरिंग, नवीन सील, चांगले जॉइंट आणि चांगले हब टाकून नीट बांधा. जड ॲक्सल टाकण्यात जेवढा पैसा जाईल त्याच्या थोड्याशा भागात हे होते आणि गाडी हलकी राहते. पुढचं सगळं, हे करूनही ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी.

ताणाचा हिशोब, एकदा कागदावर

हा हिशोब कोणी करत नाही. समजा इंजिनचा टॉर्क 180 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 4 चा, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा) लो 2.46 (जुन्या विलीज घराण्याच्या, म्हणजे अमेरिकन विलीज जीपवरून आलेल्या गाड्यांच्या, डाना 18 ट्रान्सफर केसमध्ये हाच राहते) आणि डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातले गिअर) 4.88 रेशोचं. सगळं गुणलं की साडेआठ हजारांच्या वर न्यूटन-मीटर येते. आकडा पाहून भीती वाटते. पण जमिनीची पकड तेवढं घेतच नाही. पुढच्या ॲक्सलवर 700 किलो वजन धरा, कोरड्या दगडावर पकडीचा गुणांक 0.8 धरा, 31 इंची टायरची दबलेली त्रिज्या 0.38 मीटर, तं पूर्ण पुढच्या ॲक्सलला जास्तीत जास्त 2,100 च्या आसपास न्यूटन-मीटर जमिनीवर उतरवता येते, म्हणजे एका शाफ्टवर हजार-अकराशे. त्याच्यापुढं चाक घसरते. ओल्या काळ्या मातीवर याच्या निम्मंही नाही.

आता यातून तीन गोष्टी निघते. एक, टायर मोठा केला की त्रिज्या वाढते आणि तेवढाच शाफ्टवरचा ताणही वाढते, म्हणून टायर आधी ठरवा म्हणलं. दोन, पुढं लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा भाग) टाकला अन एक चाक हवेत गेलं तं पूर्ण ॲक्सलचं वजन आणि पूर्ण 2,100 दुसऱ्या एकट्या शाफ्टवर, म्हणजे ताण सरळ दुप्पट. तीन, चाक दगडात फसून अडकलं असेल तं पकडीची मर्यादा संपली, तिथं इंजिन अन लो गिअरचा सगळा जोर शाफ्टवर जाऊ शकते, आणि झटका बसला तं त्याच्याहून जास्त. म्हणून मेळघाटातल्या दगडात शाफ्ट तुटते आणि वर्ध्याच्या चिखलात तुटत नाही.

28-29 इंची टायर, लॉकर नाही, तं मूळ ॲक्सल पुरते. 31 इंची आणि मागंच लॉकर, तरीही चांगल्या स्थितीतला मूळ ॲक्सल चालते पण जॉइंट उत्तम पाहिजे. 33 इंच आणि पुढं लॉकर असं ज्याच्या डोक्यात आहे त्यानंच मोठ्या ॲक्सलचा विचार कराचा. मोठा म्हणजे केवढा हे क्राऊनच्या (गोळ्यातलं मोठं दातेरी चाक) व्यासावरून कळते, डाना 30 चा क्राऊन साधारण 7.2 इंच, डाना 44 चा 8.5, आणि डाना 60 चा 9.75. डाना 60 आपल्या जीपखाली टाकणं म्हणजे वजन वाहत फिरणं, ते नकोच.

अखंड ॲक्सल की स्वतंत्र सस्पेन्शन

2010 ची थार सीआरडीई टॉर्शन बारवर, पुढं स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होते. 2020 च्या नव्या थारलाही पुढं स्वतंत्रच, डबल विशबोन. जिप्सीला मात्र पुढं-मागं अखंड ॲक्सल पाट्यावर, आणि 2023 मध्ये आपल्याकडं आलेल्या जिम्नीला अखंड ॲक्सल पण कॉइल स्प्रिंगवर. अखंड ॲक्सलचा फायदा हा की एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जाते, नाल्याच्या गोट्यांवर चाक जमीन सोडत नाही. आणि गावात दुरुस्त होते. तोटा, डांबरी रस्त्यावर थोडी उड्या मारते, अन मधला गोळा खाली लटकून राहते, पांदणीच्या मधल्या उंचवट्याला घासते.

जुन्या सीआरडीई थारचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून अखंड ॲक्सल टाकाचा ज्यांचा विचार आहे त्यांनी नीट ऐका, त्यात नुसता ॲक्सल नाही जात, चेसिसवर पाट्याचे नवीन हँगर, शॅकलच्या जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा, इंजिनच्या सम्पची जागा सगळं येते. रोज वापराची गाडी असेल तं करू नका. चांगले बॉल जॉइंट, ताजे शाफ्टचे बूट आणि एक पुढची स्किड प्लेट टाका, काम निघते.

मोजमाप: टेप, खडू आणि एक दिवस

विकत घ्यायला जायच्या आधी स्वतःच्या गाडीखाली झोपून हे सगळं वहीत लिहा.

डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला पाहिजे हे पहिलं. ट्रान्सफर केसमधून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट ज्या बाजूनं निघते त्याच बाजूला ॲक्सलचा गोळा पाहिजे. उलट्या बाजूचा ॲक्सल कितीही स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही. कोणी कोणी म्हणते हाऊसिंग उलटं करून लावून देऊ, गोळा दुसऱ्या बाजूला येते. येते खरं, पण चाकं उलटी फिरते, मागची चाकं पुढं ढकलते अन पुढची मागं. हे तसं चालत नाही.

मग रुंदी. हबच्या तोंडापासून हबच्या तोंडापर्यंत. जुन्या विलीज घराण्याच्या जीपा अरुंद, चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण सव्वा मीटर. जिप्सीत अरुंद आणि रुंद असे दोन प्रकार आले, दोघांत साधारण 9 सेंटीमीटरचा फरक, अन लिलावात दोन्हीचे ॲक्सल शेजारी शेजारी पडून राहते म्हणून टेप लावल्याशिवाय पैसे द्यायचे नाही. पुढचा-मागचा ट्रॅक दोन-तीन सेंटीमीटरनं वेगळा असला तं चालून जाते, त्याच्या वर नको. आपल्या पांदणीवर रुंदीचं आणखी एक आहे. बैलगाडी अन ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या राहते, पुढचं चाक चाकोरीत अन मागचं कडेच्या उंचवट्यावर असं झालं की गाडी तिरपी सरकत जाते आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जाते. तुमच्या वाटेवरच्या चाकोऱ्यांचं अंतर मोजून पाहा, फुकटचं काम आहे.

मग पाट्याच्या बैठकीचं अंतर (दोन्ही बाजूच्या सेंटर बोल्टच्या मधलं), पाट्याची रुंदी, ॲक्सलच्या नळीचा व्यास म्हणजे यू बोल्ट कोणते लागतील ते. नवीन बैठक वेल्ड करणं चालते, नळी स्टीलची राहते. पण गोळा अन नकल हे बहुतेक ओतीव असते, त्याच्यावर साधं वेल्डिंग कधीच नाही. स्टिअरिंग आर्मवर तं अजिबात नाही, कोणताही मिस्त्री किती छातीठोक सांगो.

चाकाच्या बोल्टचं गणित आपल्या सुदैवानं सोपं आहे, जुन्या विलीज घराण्याच्या जीपा आणि जिप्सी दोन्हीला 5 बोल्ट, 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर. पण मधलं भोक वेगळं राहते, म्हणून रिम प्रत्यक्ष लावून पाहा.

रेशो, इथं तडजोड नाही

पुढचा अन मागचा रेशो एकच पाहिजे. 4.10 आणि 4.11 सोबत चालून जाते, फरक पाव टक्क्याचा. 4.88 आणि 5.38 सोबत नाही चालत, दहा टक्क्यांचा फरक आहे, फोर बाय फोर टाकून कडक जमिनीवर दहा पावलं गेले की ट्रान्सफर केस आवळून बसते, लिव्हर निघत नाही, मग काहीतरी तुटते. आणि चारही टायर एकाच मापाचे, सारखे घासलेले.

रेशो ओळखायची पक्की पद्धत म्हणजे दात मोजणं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे (क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक) दात. 39 ला 8 नं भागलं की 4.88, 43 ला 8 नं भागलं की 5.38, 41 ला 11 नं भागलं की 3.73. गोळा उघडता येत नसेल तं एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर उचला, हब लॉक करा, गाडी टू व्हीलमध्ये, जमिनीवरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा, अन उचललेलं चाक हातानं पूर्ण दोन वेढे फिरवा. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट जितके वेढे घेते तो तुमचा रेशो. शाफ्टवर खडूनं खूण करा म्हणजे अर्धा-पाव वेढा चुकत नाही.

टायर मोठा झाला की रेशो हलका पडते. 28 इंचावर 4.88 असलेली गाडी 31 इंचावर नेली तं ती 4.40 सारखी चालते, चढावर दम लागते, क्लच जळते. आणि गंमत पाहा, 31 इंचावर 5.38 टाकला की जवळजवळ बरोबर मूळचा 28 इंची 4.88 चा जोर परत येते. जुन्या सीजे जीपांत 5.38 येत होता, त्यामुळं अशा गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल जोडीनं मिळाले तं जोडीनंच घ्या, नुसता पुढचा घेऊन मागचं नंतर पाहू असं करू नका.

जॉइंट आणि हब

जुन्या जीपांचा नकल बंद गोळ्याचा राहते, आत ग्रीस किंवा तेल, बाहेरून सील. आतला जॉइंट वेगवेगळ्या जातीचा निघते, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजमध्येच बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा, स्पायसर असे चार प्रकार लागले होते. बेंडिक्समध्ये सुटे गोळे खोबणीत फिरते, घासले की वळणावर कटकट येते आणि ताणात गोळा उडून बाहेर येते. स्पायसर म्हणजे साधा क्रॉस, गावात बदलता येते, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना सगळ्यात कमजोर. झेप्पा म्हणजे आजचा सीव्ही, वळणावर सारखा फिरते. निवड असेल तं झेप्पा घ्या, नाही तं चांगल्या कंपनीच्या क्रॉसवाला. जॉइंट कोणताही असो, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर लो गिअरमध्ये जोर द्यायचा नाही, आधी चाकं सरळ करा, मागं घ्या, मग परत.

फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून मोकळं करता येते ते) हातानं फिरवायचे घ्या. चिखलात हात भरते हे खरं, पण त्यात बिघडायला फारसं काही नाही, अन शाफ्ट तुटला तं हब मोकळा करून मागच्या चाकांवर घरी येता येते.

भंगारात ॲक्सल पाहताना

नागपूर असो की अमरावती, जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्याकडं जाल तं दिवसा उजेडी जा, सोबत टेप, दोरी, बॅटरी आणि एक चिंधी न्या.

हाऊसिंग वाकलेलं आहे का हे पहिलं. दोन्ही टोकांत दोरी ताणून नळीपासूनचं अंतर जागोजागी मोजा, फरक दिसला की सोडून द्या. पाट्याच्या बैठकीजवळ अन गोळ्याला नळी मिळते तिथं चिंधीनं पुसून बारीक भेग शोधा. पिनियनचा फ्लँज (प्रॉपेलर शाफ्ट जोडते ती चकती) हातानं पुढं-मागं हलवा, फिरताना थोडीशी मोकळीक पाहिजेच, क्राऊन-पिनियनमध्ये साधारण 0.13 ते 0.25 मिलिमीटर खेळ राहते, पण फ्लँज आतबाहेर किंवा वरखाली हलला तं बेअरिंग गेलं. झाकण उघडू देत असेल तं दातांची टोकं पाहा, निळसर डाग म्हणजे तेलाशिवाय चालला होता. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइनकडं डोळा लावा, दातांच्या रेघा सरळ पाहिजे, पिळलेल्या दिसल्या तं तो शाफ्ट आधीच अर्धा तुटलेला आहे. स्पिंडलवर बेअरिंग बसते ती जागा खाल्लेली असेल तं लेथवाला काही करू शकेल असं समजू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पैसे द्यायच्या आधी जवळच्या पार्टच्या दुकानात जाऊन या ॲक्सलचं किंगपिन बेअरिंग, नकलचं सील, हब बेअरिंग आणि क्रॉस मागून पाहा. दुकानदारानं सरळ डबा काढून समोर ठेवला तं घ्या. दिल्लीहून मागवा लागते म्हणाला तं विचार करा, पेरणीच्या दिवसात एका सीलसाठी गाडी पंधरा दिवस उभी राहील. माझ्या मते आपल्याकडं एखादा ॲक्सल चांगला की नाही याचं अर्ध उत्तर इथंच मिळते. बिल घ्या, बिलाशिवायचा माल चोरीच्या गाडीचा निघू शकते.

रुंद हाऊसिंग कापून अरुंद करून देतो असं सांगणारे भेटतील. त्यासाठी जिग (सगळं सरळ धरून ठेवणारा साचा) पाहिजे, नळी एका रेषेत राहिली पाहिजे, शाफ्टवर नवीन स्प्लाइन अन परत हार्डनिंग पाहिजे. हे जिथं रोज होते तिथंच करा, नाही तं बरोबर रुंदीचा ॲक्सल शोधत राहा.

बसवताना

कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कोन, 3 ते 6 अंश ठेवा. कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही अन साठच्या स्पीडला चाकं थरथरते. पाट्याखाली पाचर टाकून कॅस्टर वाढवता येते, पण तेव्हा पिनियनचं तोंड खाली झुकते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढते, दोन्ही एकदम पाहून मधला कोन धरा.

जिप्सी असो की विलीज, मूळ पाटे ॲक्सलच्या खालून राहते. ते वरून घेतले तं गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उचलली जाते म्हणून लोक तसं करते, पण ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारी दांडी) तिरपी होते आणि खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप फिरते. तसं करायचं असेल तं उंच स्टिअरिंग आर्मचा खर्च त्याच दिवशी धरा. कठडा नसलेल्या घाटात अशी गाडी नेणं धोक्याचं आहे.

ब्रेक. मोठा टायर म्हणजे थांबवायला जास्त जोर, तेव्हा पुढं डिस्क असलेला ॲक्सल मिळत असेल तं त्यालाच पसंती. डिस्क टाकले की मास्टर सिलिंडर जुना पुरते का ते पाहा, अन ब्रेकचे होज चाक पूर्ण खाली लटकल्यावरही ताणले जात नाही ना हे जॅकवर तपासा. ब्रीदरची रबरी नळी इंजिनच्या वरपर्यंत नेऊन बांधा, गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आत हवा आकसते अन सीलमधून पाणी ओढून घेते.

कागदपत्रांचं आधी पाहा, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ नोंदीच्या विरुद्ध बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. म्हणून काम सुरू करायच्या आधी आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. फक्त शेतात चालणारी गाडी असली तरी रोड ओलांडावाच लागते.

पहिले काही दिवस

गिअर ऑइल भरा, नकलमध्ये ग्रीस, हब बेअरिंग घट्ट करून थोडं मोकळं. पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर, मग उतरून गोळ्याला अन दोन्ही हबला हात लावा, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तं ते बेअरिंग जास्त आवळलं आहे. यू बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा, पाटे बसून ते हमखास ढिले होते. टाय रॉड, ड्रॅग लिंकचे कॉटर पिन एकेक करून पाहा. त्यानंतर मोकळ्या मातीत फोर बाय फोर लावून हळू वळवून बघा, काही आवळते का, कटकट येते का. सगळं ठीक वाटलं तं नाल्यात न्या, आणि पाण्यातून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेन प्लग थोडा ढिला करून पहिला थेंब पाहा. पाणी जड राहते, आत गेलं असेल तं तेच आधी येते. तेल दुधी दिसलं तं त्याच दिवशी सगळं बदला अन कोणतं सील गळून राहिलं ते शोधा.